जाळी कोणी काढली

कोलकात्यात मंदी कशालाही येईल, मिठाईच्या खोक्यांना येणार नाही. जावई आला की खोकं, पोरगं पास झालं की खोकं, नापास झालं तरी त्याची समजूत काढायला मामा येतो तो हातात खोकं घेऊनच. ही खोकी बनवणारा एक कारखाना शहराच्या पूर्वेला, कालव्याच्या काठी आहे. साठेक माणसांचा. तिथे मी अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर होते.

खरं सांगायचं तर एवढ्याशा कारखान्याला सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती नव्हती. पण एका बड्या गिऱ्हाइकाने अट घातली, म्हणून मला ठेवलं. मग पगार देतोच आहोत तर वसूल करावा, म्हणून कॅन्टीन, हजेरी आणि वॉटर फिल्टर हेही माझ्या गळ्यात आले. मी तक्रार केली नाही. मला याद्या करायला आवडतात. यादी दिसली की मला टिक करावीशी वाटते, आणि टिक न करणारा माणूस दिसला की मला राग येतो. कारखान्यात माझ्या पाठीमागे काय काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं.

माझे बाबा बँकेच्या बदलीवर सोलापूरहून तीन वर्षांसाठी इकडे आले, ते इथलेच झाले. मी जन्मले इथे, शिकले इथे, लग्न करूनही राहिले इथेच, बागबाजारपासून हाकेच्या अंतरावर. बंगाली मी बंगाल्यासारखी बोलते, पण रागावते सोलापूरकरासारखी. यावरून मला सर्वांत जास्त चिडवायचे ते पंचिंग मशीनवरचे दादा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, कायम पान चघळणारे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना बंगालमध्ये अजून ‘बर्गी’ म्हणतात आणि त्या स्वाऱ्यांच्या भीतीने या शहराभोवती जो खंदक खणला, तो बागबाजारातूनच सुरू व्हायचा. दादांना हा इतिहास म्हणजे देवाने दिलेली देणगी वाटे.

“तुम्हाला अडवायला आम्ही खंदक खणला,” ते म्हणायचे, “आणि तुम्ही येऊन त्याच्याच काठावर घर केलंत! धन्य बर्गी दीदी!”

मी म्हणायचे, “बर्गी दीदी म्हणतेय, कानात बूच घाला.” ते लगेच घालायचे. दुसऱ्या कोणाचं ऐकायचे नाहीत.

दादांचं मशीन म्हणजे पुठ्ठ्याच्या तावावर साचा दाबून खोक्याचा आकार कापणारं धूड. त्याच्या एका अंगाला दोन मोठी दातेरी चाकं, आणि त्या चाकांवर लोखंडी जाळी, चार बोल्टांनी बसवलेली. जाळी असेपर्यंत ते मशीन गरीब गाय. जाळी नसेल तर मात्र काही सांगता येत नाही. कामाच्या पहिल्या दिवसापासून मी त्या जाळीला पिवळा रंग मागत होते, म्हणजे ती आहे की नाही हे लांबूनही दिसावं. दरवर्षी मॅनेजरबाबू म्हणायचे, या वर्षी बजेट नाही.

आणि मग एका सप्टेंबरात मला अक्कल सुचली.

सप्टेंबरात इथे विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कोलकात्यातलं एकही यंत्र चालत नाही. रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळ्यांना आंघोळ, सगळ्यांना हार, माणसांना खिचडी आणि आभाळभर पतंग. मला हा सण फार जवळचा वाटतो, कारण आमच्याकडे दसऱ्याला बाबा पाटावर आपलं पेन, चष्मा आणि स्टेपलर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. बँकवाल्याची शस्त्रं ती. तर माझ्या लक्षात आलं की सेफ्टीला बजेट नाही, पण पूजेला आहे! देवाच्या मशीनला रंग देऊ नका म्हणायची छाती कोणाची? मी पूजेच्या यादीत नारळ, झेंडू, बत्तासे यांच्यामध्ये ‘पिवळा रंग, चार डबे’ असं लिहून टाकलं, आणि मॅनेजरबाबूंनी न वाचता सही केली. मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

पूजेच्या आदल्या दिवशी मी सगळ्या मशीनच्या जाळ्या काढायला लावल्या. दादा पाना घेऊन उकिडवे बसले आणि आपल्या मशीनचे चार बोल्ट त्यांनी स्वतः काढले. “दीदी, नवरीचा पदर काढताय,” असं काहीतरी म्हणाले. जाळ्या गच्चीवर गेल्या. तिथे एक हात रंगाचा दिला, दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर दुसरा हात दिला, आणि मुलं पतंग उडवत असताना त्यांच्या पायांत त्या वाळत पडल्या. संध्याकाळी एक सर आली. रंग ओलाच राहिला.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना सुरू झाला. दुर्गापूजा तोंडावर, ऑर्डरींचा ढीग, सुपरवायझर चारचारदा घड्याळ बघतोय. जाळ्या बसवणारा मिस्त्री समजला की काढायचा हुकूम दीदींचा होता तर बसवायचाही त्याच देतील. मी समजले की तो सकाळी सातलाच बसवून मोकळा झाला असेल. मी माझ्या खुर्चीत बसले, चहा आला, आणि समोर रोजची यादी. बावीस प्रश्न. आगीच्या बादल्या जागेवर? टिक. वाटा मोकळ्या? टिक. सर्व मशीनच्या जाळ्या बसवलेल्या? टिक. खाली सही. मराठीत याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी दुसऱ्यांना अनेकदा ते ऐकवलं होतं.

साडेनवाला ओरड झाली.

झालं असं की पूजेचा झेंडूचा हार अजून दादांच्या मशीनवर होता. इथली रीत अशी की तो हार सुकेपर्यंत उतरवायचा नाही. मशीनच्या हादऱ्याने तो घसरला आणि चाकांकडे निघाला. देवाचा हार चिरडायला नको, म्हणून दादांचा हात आपोआप पुढे गेला. जाळी असती तर हात जाळीवर आपटला असता आणि दादांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्धी गेली.

मी धावत पोचले तेव्हा त्यांनी गमछा हाताला गुंडाळलेला होता आणि ते इतरांवर ओरडत होते, “आधी मशीन बंद करा! आणि हार काढा!” गाडीत बसवून हॉस्पिटलला नेताना मी रडत होते आणि ते माझी समजूत काढत होते. “दीदी, आरे बाबा, रडता काय? मी कॅरम डाव्या हाताने खेळतो.” दादा आपल्या गल्लीतल्या क्लबाचे कॅरम चॅम्पियन होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने देवाने निकाल बराच त्यांच्या बाजूने दिला होता.

मी दुपारी परत आले तेव्हा जाळी बसलेली होती. पिवळीधमक.

अपघाताची नोटीस निरीक्षक कार्यालयाला पाठवावी लागते. ती मॅनेजरबाबूंनी स्वतः भरली, आणि ‘कामाच्या सुरुवातीला जाळी जागेवर होती का’ याच्यापुढे ‘होती’ असं लिहून सोबत माझी यादी जोडली. माझी टिक, माझी सही. तीन दिवसांनी निरीक्षकसाहेब आले, मशीनभोवती फिरले, आणि जाळीच्या रंगाचं त्यांनी कौतुक केलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. तोंड उघडायला एवढी संधी पुरली असती. मी उघडलं नाही. याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली, पण कारण एकच होतं. मला भीती वाटली. पन्नाशीला आलेल्या बाईला, जिने खोटी सही केली आहे अशा सेफ्टी ऑफिसरला, या शहरात दुसरं कोण ठेवणार?

सुरुवातीला कंपनी गोड वागली. हॉस्पिटलचं बिल भरलं, सफरचंदं पाठवली. दादा बरे होऊन आले तेव्हा मात्र सांगितलं की तूर्त घरी बसा, बघू. दादांचा पगार सरकारी कामगार विम्याच्या मर्यादेच्या जरासा वर होता. वीस वर्षं घासून मिळालेली ती बढती आता आड आली. विम्याचा दवाखाना नाही, पेन्शन नाही. उरला रस्ता एक, कामगार भरपाईच्या आयुक्तांकडे दावा. युनियनने त्यांना वकील दिली. चष्मेवाली, तरतरीत मुलगी, बॅगेत कायम मुरमुऱ्यांची पुडी. तिने दावा लावला. कंपनीने उत्तर दिलं, आणि ते उत्तर ऑफिसात टाइप होत असताना मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर कामगाराने स्वतःच्या मर्जीने, जाणूनबुजून जाळी काढली. पुरावा म्हणून सेफ्टी ऑफिसरची यादी पाहावी, सकाळी जाळी जागेवर होती.

म्हणजे माझी ती चहाबरोबरची टिक आता दादांच्या विरुद्धचा मुख्य साक्षीदार झाली होती.

त्या रविवारी मी दादांच्या घरी गेले. जाताना डबाभर शंकरपाळे नेले, कारण रिकाम्या हाताने जायचं धैर्य नव्हतं. दादांच्या बायकोला मी बौदी म्हणते, म्हणजे वहिनी. बौदींनी मला पाटावर बसवलं, चहा दिला आणि माझ्यासमोरच नवऱ्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

“तुम्ही तरी सांगा याला दीदी! वकीलबाई विचारून विचारून थकली. ती म्हणते, माणूस चुकला, निष्काळजीपणा केला, तरी भरपाई मिळते. कायदा तेवढा समजूतदार आहे. पण स्वतः होऊन, मुद्दाम जाळी काढली असेल तर अशा जखमेत मालक सुटतो. तर ती विचारते, बाबा, जाळी काढायला कोणी सांगितलं? आणि हा म्हणतो, आठवत नाही! लग्नात माझ्या मावशीने मासा कमी वाढला हे तीस वर्षांनी आठवतं, आणि हे आठवत नाही!”

दादा शंकरपाळा उलटसुलट करून बघत होते. इकडे तो खारा असतो आणि त्याला निमकी म्हणतात. “दीदी, ही निमकी गोड का आहे?”

“दादा,” मी म्हटलं, “तुम्हाला आठवत नाही?”

“नाही.”

“तुम्ही पाना घेऊन बसला होतात. नवरीच्या पदराचं काहीतरी म्हणालात.”

“मी रोजच काहीतरी म्हणतो.” त्यांनी शंकरपाळा तोंडात टाकला. “चांगली आहे. गोड निमकी. मी ती यादी बघितली दीदी, वकीलबाईने दाखवली. तुमची सही आहे. मी नाव घेतलं तर काय होईल ते मला कळतं. माझी बोटं तर काही परत येणार नाहीत. उगीच दोन माणसं घरी बसवायची कशाला?”

बौदी चहाची किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “आणखी चहा?”

दावा हरला तर दादांना भरपाई तर नाहीच, वर मॅनेजरबाबूंनी स्वच्छ सांगितलं होतं की जाणूनबुजून जाळी काढणाऱ्या माणसाला परत मशीनवर घेता येणार नाही. चोपन्नाव्या वर्षी, तीनच अख्खी बोटं उरलेल्या उजव्या हाताने, दुसरं काम. आणि हा माणूस मला गोड निमकीबद्दल विचारत होता. मी ट्रामने घरी आले, आणि ट्राममध्ये मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेले.

घरी बाबा वाटाणे सोलत बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, पण वाटाणा किडका आहे का ते प्रत्येकी एकदा उजेडात धरून बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं. लहानपणी काच फोडल्यावर सांगायचे तसं, भराभर आणि खाली मान घालून.

बाबांनी शेंग खाली ठेवली. “सही म्हणजे काय गं?”

“बाबा, आता परीक्षा नको.”

“परीक्षा नाही. सही म्हणजे ‘मी पाहिलं’ एवढंच. मी एकदा तिजोरी न बघता सही केली होती. इथेच, बागबाजारच्या शाखेत. लग्नाला जायची घाई होती, तुझ्याच मामाच्या.”

हे मला नवीन होतं. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरही चष्मा लावून सही करणारा माणूस हा. “मग?”

“मग काय, तिजोरी बरोबर निघाली. पण मला त्या लग्नात जिलबी गेली नाही. आणि जिलबी चांगली होती.” त्यांनी पुन्हा शेंग उचलली. “तुझी तर तिजोरी बरोबरही नव्हती. खायचा प्यायचा प्रश्न आहे का आपल्या घरात? नाही. तर मग जा आणि सांग. आणि येताना आलं आण.”

सुनावणीला कंपनीने मला आपली साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मॅनेजरबाबू गाडीत म्हणाले, “काही नाही, फक्त सही ओळखायची. दोन मिनिटांचं काम.” मी हो म्हटलं. सही तर मला ओळखता येतच होती.

आयुक्तांचं ऑफिस एका जुन्या सरकारी इमारतीत. उंच छत, लांब दांडीचे पंखे, आणि फायली इतक्या की त्यांच्यातून वाट काढून आत जायचं. माझ्या सवयीने मी आगीची बादली शोधली. होती, पण तिच्यात कोणीतरी छत्र्या ठेवल्या होत्या. आयुक्त म्हणजे एक बाई, खांद्यावर शाल, घसा बसलेला, दर दोन वाक्यांनी गरम पाण्याचा घोट. एक क्लार्क जबान्या टाइप करत होता, दोन बोटांनी, पण विजेसारखा. दादा मागच्या बाकावर बसून त्याच्या बोटांकडे एकटक बघत होते. नंतर बौदींनी सांगितलं, दादा त्यांच्या कानात म्हणाले, “हा दोन बोटांत एवढं करतो. माझ्याकडे तर आठ अख्खी आहेत.”

कंपनीच्या वकिलाने माझ्यापुढे यादी ठेवली. “ही सही तुमची?”

“माझी.”

“ही टिक तुमची?”

“माझी.”

“म्हणजे त्या सकाळी जाळी जागेवर होती.”

“नव्हती,” मी म्हटलं.

वकिलाला वाटलं त्याच्या ऐकण्यात चूक झाली. त्याने प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर पुन्हा दिलं. म्हटलं, जाळी गच्चीवर वाळत होती. काढायला मी लावली, सगळ्याच मशीनच्या लावल्या, रंग द्यायला. दादांनी माझ्या सांगण्यावरून बोल्ट काढले. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन बघितलंच नाही. टिक मी चहा पिताना केली.

टाइप करणारा थांबला. आयुक्तबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि बसक्या आवाजात विचारलं, “न बघता सही का केलीत?”

काहीतरी भारदस्त सांगायची संधी होती, पण खरं उत्तर एवढंच होतं. “रोज करते म्हणून.”

बाईंनी समोरच्या फायलींच्या ढिगाकडे बघितलं, मग आपल्या पेनाकडे. “लिहा,” त्या क्लार्कला म्हणाल्या. “रोज करते म्हणून.”

युनियनच्या त्या वकील मुलीने उभं राहून मला तीनच प्रश्न विचारले. तिचा चेहरा असा होता की बॅगेतली मुरमुऱ्यांची पुडी सगळ्यांना वाटून टाकील. मॅनेजरबाबू छताकडे बघत होते.

बाहेर व्हरांड्यात दादांनी मला गाठलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. “की मुश्किल! मी तीन महिने विसरण्याची मेहनत केली! वकीलबाईच्या शिव्या खाल्ल्या, घरच्या शिव्या खाल्ल्या! आणि तुम्ही दोन मिनिटांत सगळं धुऊन टाकलंत! आता तुमची नोकरी?”

“जाईल.”

“मग?”

“मग काय. तुम्ही कॅरम शिकवा मला.”

ते हसायच्या बेतात होते, पण त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं आणि बौदींना सांगितलं, “बघ, बर्गी आली आणि काही न लुटता गेली. लिहून ठेव, इतिहासात पहिल्यांदा.” बौदींनी माझा हात धरला आणि खाली रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही. मी घरी जाताना आलं घ्यायला विसरले नाही.

दादांचा दावा मंजूर झाला. निकालात लिहिलं होतं की जाळी कामगाराने आपल्या मर्जीने काढली नव्हती, आणि हारासाठी पुढे झालेला हात कामाच्या जागी, कामाच्या वेळी, चालू मशीनवरच होता. कंपनीने त्यांना परत घेतलं. निरीक्षकसाहेब पुन्हा आले आणि या वेळी रंगाचं कौतुक न करता बोल्ट मोजून गेले. मला आठ दिवसांत पत्र मिळालं. मजकूर सभ्य होता, आणि खरं म्हणजे बरोबरही. मी रुसून बसायचा प्रयत्न केला, पण दोन दिवसांच्या वर जमलं नाही. आता मी कालव्याकाठच्या लहान लहान कारखान्यांत जाऊन सुरक्षेचं शिकवते. प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी माझी ती यादी दाखवते, टिक आणि सहीसकट. लोक आधी हसतात. मग त्यांच्यातला कोणीतरी हळूच आपल्या यादीकडे बघतो, आणि मला कळतं की आज आपलं काम झालं.

दादांनी कारखान्यात एक नवी रीत पाडली आहे, आणि ती त्यांनी कोणालाही न विचारता पाडली. ज्याच्या सांगण्यावरून जाळी निघेल, त्याने त्या मशीनच्या मेन स्विचचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचा. जाळी परत बसेपर्यंत फ्यूज खिशात. मग सुपरवायझरने घड्याळ दाखवून कितीही नाच केला तरी मशीन चालायचंच नाही. मी पोथ्या वाचून अकरा वर्षांत जे जमवलं नाही, ते या माणसाने एका चिनीमातीच्या फ्यूजवर जमवलं.

या वर्षी विश्वकर्मा पूजेला त्यांनी मला फोन करून बोलावलं. मी संकोचत गेले. खिचडी खाल्ली, पतंग बघितले, मॅनेजरबाबूंनी लांबून नमस्कार केला. जाळ्या गच्चीवर होत्या, रंगाचा दुसरा हात नुकताच दिलेला. मी तिथून निघाले तेव्हा दादा फाटकापर्यंत आले. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. पांढरा, गुळगुळीत, अजून त्यांच्या खिशातला कोमट. त्यांच्या मशीनचा फ्यूज.

“या वर्षी रंग द्यायला मी तुमच्या वतीने सांगितलं,” ते म्हणाले. “म्हणजे जाळी तुम्ही काढलीत. उद्या सातला या.”

“दादा, मी इथे नोकरीला नाही.”

“आठवत नाही,” ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी फाटकाशी उभी होते, पर्समध्ये फ्यूज घेऊन. सुपरवायझर घड्याळ बघत होता. साठ माणसं आपापल्या मशीनपाशी उभी होती. मी पंचिंग मशीनजवळ गेले, जमिनीवर उकिडवी बसले आणि परत बसवलेल्या जाळीला हात लावला. रंग वाळला होता. चारही बोल्ट एकेक करून बोटांनी फिरवून बघितले. तिसरा जरासा सैल होता. दादांनी पाना पुढे केला, अर्ध्या बोटांच्या हाताने. मी तो बोल्ट आवळला, पुन्हा एकदा चारही बघितले, आणि मग पर्समधून फ्यूज काढून त्यांना दिला.